लेडी मॅक्बेथचे घुंगरू

मराठी रंगभूमीने शेक्सपिअर प्रथम कानाने स्वीकारला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ मधला, आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ मधले, देवलांचे 'झुंझारराव' १८९० मधले. पुढे शिरवाडकरांचा 'राजमुकुट' १९५४ साली आला आणि विंदांचा 'राजा लिअर' १९७४ साली. या शंभराहून अधिक वर्षांत आपल्याकडे जे वाद झाले ते सगळे भाषेचे होते. नावे बदलावीत की ठेवावीत, मुक्त छंद घ्यावा की गद्य, विदूषकाच्या कोट्यांचे काय करावे, अशा प्रश्नांवर मोठमोठ्या विद्वानांनी लेखण्या झिजवल्या. लिअर वादळात उभा राहतो तेव्हा त्याचा गुडघा कसा वाकतो, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. भरताने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी वाचिक आपण डोक्यावर घेतला, आहार्याला नाटक कंपन्यांनी मखमल आणि जर पुरवली, सात्त्विक नटाच्या वकुबावर सोडून दिला आणि आंगिकाच्या वाट्याला हातवारे तेवढे आले.

याचे कारण शेक्सपिअरमध्ये शोधू नये, ते आपल्या समाजात आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा गाणे प्रतिष्ठितांच्या घरात शिरू शकले, कारण कीर्तनाने त्याची वाट आधीच झाडून ठेवली होती. नृत्याला असा कोणी हरदास भेटला नाही. ते कलावंतिणीच्या कोठीत आणि तमाशाच्या फडात राहिले. 'चाळ बांधणे' हा आपला स्वतःचा, नादमय शब्दप्रयोग. परंतु मध्यमवर्गीय मुली जेव्हा नृत्य शिकू लागल्या तेव्हा त्यांनी पायांत 'घुंगरू' बांधले, 'चाळ' बांधले नाहीत. शब्द बदलल्याशिवाय वस्तू घरात घेता येत नव्हती, अशी माझी एक लहानशी शंका आहे. भाषाशास्त्रज्ञांनी ती तपासावी.

पुढे मराठी प्रायोगिक रंगभूमीला शरीराची आठवण झाली तेव्हा ती लोककलांकडे वळली. 'घाशीराम कोतवाल'मधली १९७२ सालची माणसांची भिंत कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेने हलती झाली. ब्रेख्त आपल्याकडे आला तो खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मधून आणि १९७८ साली पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'मधून. पाश्चात्त्य संहिता आणि देशी अंग यांचे हे लग्न लागले खरे, पण वधुपक्ष दशावतार-तमाशाचा होता. शास्त्रीय नृत्य आणि पाश्चात्त्य साहित्य मात्र एकाच शहरात राहूनही परस्परांच्या घरी गेले नाहीत.

एक अपवाद मला फार मोलाचा वाटतो, आणि तो रंगमंचावरचा नसून ग्रंथालयातला आहे. रोहिणी भाटे यांनी इसाडोरा डंकनच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद केला: 'मी इसाडोरा'. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या अनुवादाकडे केवळ अनुवाद म्हणून पाहिले, आणि नृत्याच्या विद्यार्थ्यांनी बाईंचा एक छंद म्हणून. वस्तुतः ही घटना विलक्षण आहे. इसाडोरा (१८७७–१९२७) ही बॅलेचे सारे व्याकरण झुगारून, अनवाणी पायांनी, ग्रीक कलशांवरच्या आकृतींकडे पाहत नाचू लागलेली स्त्री. आपले नृत्यगुरू म्हणून ती रूसो, व्हिटमन आणि नीत्शे अशी तीन नावे सांगते. तिघेही लेखक, तिघांपैकी एकानेही कुणाला पदन्यास शिकवलेला नाही. आणि तिला मराठीत आणणारी बाई कोण, तर १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' स्थापून दोन पिढ्यांना ततकाराच्या लयी घोटून देणारी, 'अभिनयदर्पणा'वर भाष्य करणारी, मात्रेचा हिशेब न सोडणारी गुरू. आपल्या शिस्तीच्या उलट टोकाला उभ्या असलेल्या एका स्त्रीचा आवाज तिने काही काळ आपल्या तोंडी घेतला. कथकमध्ये याला 'पलटा' म्हणतात. एक गिरकी घेऊन नर्तकी राधेची कृष्ण होते. रोहिणीबाईंचा हा अनुवाद मी तसा वाचतो.

रोहिणीबाई पुढे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे दीर्घकाळ शिकल्या, परंतु त्यांचे कथकचे पहिले धडे जयपूर घराण्याच्या पंडित सोहनलालांकडचे. मोहनरावांची तालीमही जयपूरच्याच सुंदरप्रसादजींकडे झालेली, आणि सुंदरप्रसादजींनी मुंबईत कितीतरी वर्षे शिकवले. म्हणजे महाराष्ट्रातल्या कथकच्या एका मोठ्या ओघाचा उगम या वाळवंटाच्या काठावरच्या शहरात आहे. निवृत्तीनंतर मी जयपुरास येऊन राहिलो तो कौटुंबिक कारणाने. तरी हा धागा मनात होता, हे खरे.

महाराष्ट्राबाहेर या संगमाचे प्रयोग अधिक धीटपणे झाले. ब. व. कारंतांनी १९७९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळासाठी 'मॅक्बेथ' बसवले ते रघुवीर सहायांच्या हिंदी भाषांतरावरून, 'बरनम वन' या नावाने आणि यक्षगानाच्या अंगाने. त्यांनी नाटकाचे नावच राजावरून काढून जंगलाला दिले, यातच त्यांची दृष्टी दिसते. १९८९ साली अ‍ॅनेट लेडे आणि डेव्हिड मॅकरूव्ही यांनी केरळ कलामंडलमच्या कलावंतांसह 'किंग लिअर' कथकलीत आणले. ग्लॉस्टरचे उपकथानक त्यांनी पूर्ण वगळले. १९९६ साली दिल्लीच्या कथकली केंद्रात सदनम् बालकृष्णन यांनी 'ऑथेल्लो' रचले.

कथकलीपुढची अडचण मूलभूत स्वरूपाची आहे. तिथे पात्र रंगमंचावर येण्यापूर्वीच त्याच्या चेहऱ्यावर निवाडा रंगवलेला असतो. हिरवा 'पच्चा' म्हणजे नल, राम, अर्जुन यांच्यासारखा धीरोदात्त. 'कत्ती' म्हणजे रावणासारखा तेजस्वी पण मदांध. तांबड्या दाढीचा दुःशासन. काळी 'करि' राक्षसी. शेक्सपिअरचा माणूस पहिल्या अंकात एक असतो आणि पाचव्या अंकात दुसरा. लिअर कोणत्या रंगात यावा? तो मदांध आहे तोवर कत्ती चालेल, पण कॉर्डेलियाच्या मांडीशी जागा होऊन स्वतःच्या हातांकडे पाहणाऱ्या म्हाताऱ्याला कोणता रंग लावायचा? रंग पुसायचा म्हटला तर कथकली उरत नाही. ठेवायचा म्हटला तर लिअर उरत नाही. या प्रयोगांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परदेशी प्रेक्षकाला कथकलीचे वैभव आणि केरळी रसिकाला लिअरची कथा कळली, हे लहान काम नव्हे. तथापि दोन भाषा एकमेकींना अडल्या, आणि त्या अडण्यातून दोघींनीही काही नवे उच्चारले, असे मला अशा प्रयोगांच्या वर्णनांतून क्वचितच जाणवते. बहुधा कथा एकीची आणि अलंकार दुसरीचे, एवढ्यावर समेट होतो.

कथकची गोष्ट निराळी आहे. तिथे मुखवटा नाही, ठरीव वेष नाही. एकच देह गतभावात क्रमाने सगळी पात्रे होतो, आणि दोन पात्रांमध्ये एका पलट्याचे अंतर असते. म्हणून पाश्चात्त्य नाटकातला बदलणारा माणूस कथकला झेपेल, असे सिद्धान्ताच्या पातळीवर मी अनेकदा लिहिले होते. सिद्धान्त लिहिणे स्वस्त असते.

आमच्या सिव्हिल लाइन्सच्या वस्तीत राज्यपालांचे निवासस्थान आहे, मंत्र्यांचे बंगले आहेत, पहारेकऱ्यांच्या चौक्या आहेत, आणि सगळ्यांना सारखेच थांबवणारे रेल्वेचे फाटक आहे. कारंजाची झाडे, लांब भिंती, आणि २०१५ पासून डोक्यावरून जाणारी मेट्रो. परकोट्याच्या आतल्या जयपुरात कथकांची घरे होती, इथे साहेबांची. ज्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी राहतो, त्याच रस्त्यावर एक मराठी कुटुंब आहे. तीन पिढ्यांपूर्वी नोकरीसाठी आलेले, घरात अजून गोडा मसाला आणि बाहेर दाल-बाटी. त्यांची धाकटी मुलगी लहानपणापासून जयपूर घराण्याच्या एका वृद्ध गुरुजींकडे शिकत होती. दोघांचीही नावे मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, मला लेडी मॅक्बेथ करायची आहे. फक्त झोपेत चालते तेवढाच प्रवेश. तुम्ही मराठीत करून द्याल?"

हिंदीत का नको, असे मी विचारले. ती म्हणाली, "हिंदी बाहेरची आहे, ब्रज नाचातली आहे. झोपेत बडबडायचं म्हणजे घरातलीच भाषा हवी ना?" या उत्तरावर मी काही बोलू शकलो नाही. अनुवादमीमांसेवरच्या माझ्या व्याख्यानांत हा मुद्दा कधी आला नव्हता.

पाचव्या अंकाचा हा पहिला प्रवेश साहित्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. तरी नृत्याच्या दृष्टीने त्यातल्या दोन-तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिल्या अंकात पद्यात बोलणारी, नवऱ्याला वृत्ताच्या लाटेवर खेचून नेणारी ही स्त्री इथे गद्यात बोलते. तिची लय तुटली आहे. दुसरे, ती एकटी नाही. वैद्य आणि दासी अंधारात उभी राहून तिला पाहत आहेत, आणि वैद्य तर तिचे शब्द टिपून घेण्याची तयारी करतो. आणि तिसरे म्हणजे तिचे हात. ती पाव-पाव तास हात चोळत राहते, असे दासी सांगते. हातात आहे ते रक्त प्रेक्षकाला दिसत नाही, तिला दिसते. तिचे डोळे उघडे आहेत, पण त्यांना समोरचे काही दिसत नाही.

आता 'अभिनयदर्पणा'चे सूत्र आठवावे. नृत्याच्या प्रत्येक वर्गात ते पहिल्या वर्षी शिकवतात: हात जाईल तिकडे दृष्टी जावी, दृष्टीमागे मन, मनामागे भाव, आणि भावातून रस. आपल्या सगळ्या शास्त्रीय नृत्यांचा कणा या साखळीवर उभा आहे. झोपेत चालणाऱ्या स्त्रीमध्ये ही साखळी पहिल्याच कडीशी तुटते. हात एकीकडे काम करतो आहे, दृष्टी त्याच्या मागे जात नाही. आणि मन तर हातांच्याही आधी, कित्येक रात्रींपूर्वी, डंकनच्या शयनगृहात जाऊन बसले आहे. शेक्सपिअरला नंदिकेश्वर ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही या प्रवेशात त्याने आपल्या अभिनयशास्त्राला एक नेमका प्रश्न विचारून ठेवला आहे: हात आणि डोळा यांची ताटातूट झाली तर रस कुठून येईल? या प्रश्नाचे उत्तर टीकाकाराला लिहून देता येत नाही. ते कुणीतरी करूनच दाखवावे लागते.

मी संहिता केली. चाळीस-पंचेचाळीस ओळींची, घासूनपुसून, बोलीच्या जवळची. मला ती आवडली होती. पहिल्या तालमीनंतर निम्म्या ओळी गेल्या, कारण जे हात सांगतात ते तोंडाने पुन्हा सांगायचे नाही, असे तिचे म्हणणे. महिन्याभराने दहा ओळी उरल्या. मग ती म्हणाली, "हे बोलायचं नाही, पढायचं." कथकमध्ये नर्तकी नाचण्याआधी बोल हाताने ताल देत म्हणते, ती 'पढंत'. तिने माझ्या गद्य वाक्यांतले शब्द सुटे केले, ते ता-थै-तत्‌च्या शेजारी बसवले, आणि शेवटी एकच शब्द ठेवला, 'अजून'. डाग अजून आहे, वास अजून आहे, रात्र अजून आहे, यातली कर्ता-क्रियापदे गळून गेली. 'अजून' हा शब्द तीनदा म्हणायचा, तिहाईसारखा, आणि तिसऱ्या वेळी समेवर यायचे नाही. समेच्या किंचित अलीकडे थांबायचे. चाळीस वर्षे शब्दांवर जगलेल्या माणसाला आपली संहिता एका क्रियाविशेषणापर्यंत आटताना पाहणे सुखाचे नव्हते, आणि मी तिला तसे सांगितलेही. "काका, शब्द वाईट नव्हते," ती म्हणाली, "पण झोपेत एवढं कोण बोलतं?"

समेवर न येणे ही कथकमध्ये सामान्य गोष्ट नाही. प्रेक्षक ज्या क्षणासाठी श्वास धरून बसतो, तबलजी ज्या क्षणी मान हलवतो, तो क्षण चुकवणे म्हणजे बेताल होणे. शास्त्रात अतीत आणि अनागत असे ग्रह आहेत. समेच्या पुढे वा मागे पडण्याला नाव आहे, जागा आहे. पण ती जागा जाणत्याने खेळ म्हणून घ्यायची असते. दुःख म्हणून घेतल्याचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. याच नाटकात पुढे मॅक्बेथ बायकोच्या मृत्यूची वार्ता ऐकून उद्याच्या दिवसाचे नाव तीनदा घेतो. तीही तिहाईच, आणि तिलाही सम नाही. हे मी तिला दाखवले तेव्हा तिने ते पुस्तक घरी नेले आणि पुढचे तीन आठवडे परत आणले नाही.

खरा पेच गुरुजींचा होता. तिने त्यांना सांगितले तेव्हा ते लगेच काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतले. परकोट्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, गाद्या-तक्क्यांच्या खोलीत, त्यांनी माझ्याकडून सगळी कथा समजावून घेतली. खून कुणी केला, का केला, मुले होती का, हे प्रश्न त्यांनी बारकाईने विचारले. कथा परकी आहे म्हणून त्यांची हरकत नव्हती. "कथा कहे सो कथक," ते म्हणाले, "विलायतची असली म्हणून काय झालं." स्त्री पापी आहे म्हणूनही नव्हती, पूतनेवर त्यांनी स्वतः गतभाव केले होते. त्यांना लागले ते वेगळेच. मुलगी म्हणाली होती की या प्रवेशात ती घुंगरू बांधणार नाही. झोपेत चालणारी बाई अर्ध्या रात्री घर जागे करील काय, हा तिचा युक्तिवाद. आणि ते घुंगरू गुरुजींनी गंडाबंधनाच्या दिवशी स्वतःच्या हाताने तिला दिलेले होते. त्यांतले काही त्यांच्या वडिलांच्या पायांतले.

मला दोन्ही बाजू कळत होत्या, आणि दोन्ही बाजू कळणे ही अशा वेळी काही फारशी उपयोगाची गोष्ट नसते. प्रायोगिक रंगभूमीचा माणूस म्हणून मुलगी बरोबर होती. आधुनिक नृत्यातल्या अनेकांनी घुंगरू उतरवले. इसाडोराने तर बूटच उतरवले होते. पण घराण्याच्या विद्येत वस्तू केवळ वस्तू नसतात. मुलीने घुंगरू उतरवले असते तर गुरुजींनी तिला हाकलले नसते, इतके ते जुन्या वळणाचे नव्हते. ते फक्त येणे बंद करते, आणि तिला ते हाकलण्याहून जड गेले असते. तिची आई एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, त्या इंग्रजी बाईपायी हिचे गुरुजी नका तोडू." शेक्सपिअरवर आजवर झालेल्या टीकेत हा सूर मी प्रथमच ऐकला.

तोडगा गुरुजींनीच काढला, आणि तो तोडगा नव्हता, परीक्षा होती. त्यांनी मुलीला समोर उभे केले आणि सांगितले, "बांध. आणि वाजवू नकोस."

जाणत्यांना ठाऊक आहे की एका पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधून त्यांतला एकच वाजवून दाखवणे, ही कथकमधली जुनी करामत आहे. उस्ताद मंडळी ती मैफिलीत टाळ्यांसाठी करीत. पूर्ण पावलाचा भार टाचेकडून चवड्याकडे इतक्या हळू सरकवायचा की घुंगरू दोरीवर हलूच नयेत. पोटरी आणि घोटा यांच्यावर सगळा ताबा. गुरुजींनी या करामतीतली टाळी काढून टाकली आणि तिच्यात भीती ठेवली. मुलगी घुंगरू बांधून झोपेत चालेल. ते वाजणार नाहीत. आणि जिथे संहितेत पहिला शब्द होता, तिथे एक वाजेल.

पाच महिने ती फक्त चालत होती. मी कधीकधी पाहायला जात असे. पाहण्यासारखे काही नसे: एक मुलगी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाई, मध्येच झणत्कार होई, ती पुन्हा पहिल्या भिंतीशी जाई. गुरुजी पान लावीत बसलेले असत आणि मान वर न करता "परत" म्हणत. वादळ आले की खिडक्या खडखडत, ती तेव्हाही चालत असे. हळूहळू माझ्या लक्षात आले की आवाज टाळण्याच्या या श्रमाने तिच्या देहात जे काही आणले, ते कोणत्याही अभिनयाच्या पाठाने आले नसते. प्रत्येक पावलागणिक पकडले जाण्याची भीती. रक्तबंबाळ हातांची बाई अशीच चालत असणार. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांपैकी स्तंभ, वेपथु आणि वैवर्ण्य मी कितीदा वर्गात फळ्यावर लिहिले असतील. घाम येण्याला 'स्वेद' म्हणतात, हे मी शिकवले होते. तो खोटा काढता येत नाही, हे त्या खोलीत दिसले.

प्रयोगाला जागा मिळवणे हा स्वतंत्र अध्याय आहे. एका ठिकाणी 'हे शुद्ध कथक नाही' म्हणून नकार आला, दुसऱ्या ठिकाणी 'हे नाटक नाही' म्हणून. दोन्ही नकार एकाच आठवड्यात आले. शेवटी सिव्हिल लाइन्समधल्याच एका जुन्या बंगल्याचा दिवाणखाना मिळाला. उंच छत, लाकडी जमीन, साठ-सत्तर माणसे. मालकांनी एकच अट घातली की मेणबत्ती जमिनीवर ठेवू नये.

प्रयोग बावीस मिनिटांचा होता. सुरुवातीला ती वैद्य होती: उभी, एका हाताने कागद आणि दुसऱ्याने लेखणी दाखवणारी. मग एक पलटा, आणि ती दासी. पुन्हा पलटा, पुन्हा वैद्य. पलटे नेहमीसारखे चपळ, खुले. तिसऱ्या पलट्याला ती अर्ध्यातच थांबली, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून जी उभी राहिली ती तिसरी स्त्री होती. लाकडी जमिनीवरून ती आमच्या दिशेने आली तेव्हा त्या दिवाणखान्यात तबला नव्हता, सारंगी नव्हती, आणि दोन पायांतल्या सुमारे अडीचशे घुंगरांपैकी एकही वाजला नाही. मी माणसांना कथकमध्ये ध्वनीसाठी श्वास रोखताना पाहिले आहे. ध्वनी होऊ नये म्हणून रोखताना त्या रात्री पाहिले. फाटकावरून एक मालगाडी गेली. ती संपेपर्यंत मुलगी एका पायावर थांबली होती, असे मला आठवते.

मग हात. तिने ते चोळले नाहीत. डावा तळहात उताणा धरला आणि उजव्या हाताने त्यावर पाणी ओतल्याचा साधा हस्त केला, घरातली बाई करते तसा. डोळे समोर, आमच्यापैकी कुणाच्या तरी खांद्यावरून पलीकडे. हात एकीकडे आणि दृष्टी दुसरीकडे, आणि मधे रिकामे अंतर. त्या अंतरात प्रत्येक प्रेक्षक आपापले काहीतरी पाहत असावा. रस कुठून येईल, या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. हात आणि डोळा यांना जोडण्याचे काम नर्तकीने सोडून दिले होते, आणि ते आम्हांला करावे लागत होते. पहिला घुंगरू वाजला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तीन वेळा 'अजून'. तिसरा समेच्या अलीकडे. तबलजीने त्या रात्री एकच ठोका दिला, तो तिच्यानंतर, रिकाम्या जागी.

प्रयोगाचे दोष सांगितले पाहिजेत. वैद्याचे काम लांबले होते. शेवटाकडे सारंगीचा एक तुकडा आला, त्याची गरज नव्हती. तो आम्हांला 'आता दुःख करा' असे सांगत होता. आणि ज्यांनी 'मॅक्बेथ' वाचले नव्हते त्यांना ही बाई हात का धुते हे कळले असेल की नाही, याविषयी माझे मन अजून निःशंक नाही. एका निवृत्त न्यायाधीशांनी मला बाहेर पडताना विचारले, "हिने खून केला की पाहिला?" प्रश्न चांगला होता. मूळ नाटकातही तो पूर्ण सुटलेला नाही.

गुरुजी पहिल्या रांगेत, गादीवर बसले होते. प्रयोग संपल्यावर मुलगी त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. फाटक बंद होते, म्हणून थांबावे लागले. तिथे त्यांनी बोटांवर काही मोजले आणि मला म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हिने सगळं तीनतालात धरलं आहे. मनात, न वाजवता, पण तीनतालच आहे. सोळा मात्रा, चार-चारच्या चार. इतकी सरळ जमीन त्या बाईला झोपेत कशी सापडेल?" मग थोड्या वेळाने, "धमारात करायला सांगा. पाच, दोन, तीन, चार. पाण्याचा हात आठव्या मात्रेवर, खालीवर. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मी तिला सांगितले. कुणी सांगितले ते तिने विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत चालू लागली, या वेळी चौदा मात्रांत, आणि सारंगीचा तुकडा तिने काढून टाकला.